थांबून राहिली

'राहणे' या क्रियापदाने माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं माझ्या सासुरवाडीनेही खाल्लेलं नाही, आणि सासुरवाडीने काही कमी खाल्लेलं नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गोंदियाकडे, 'मी जेवून राहिलो' म्हणजे मी आत्ता ताटावर आहे, हात खरकटा आहे, बाबा जरा बस. हेच वाक्य पुण्याकडच्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटतं, हा गृहस्थ जेवला आणि मग तिथेच मुक्कामाला राहिला. नागपुरात शिकायला असताना मित्र या बोलण्याला हसायचे आणि मीही त्यांच्यात मिसळून हसायचो. आता कोणी हसलं की माझे कान गरम होतात. मला राग आला की आधी कानच गरम होतात, बाकीचं अंग मागाहून तापतं.

अर्जुनी मोरगावात रेल्वे फाटकापासून थोडं आत माझं वर्कशॉप आहे, मागेच घर. वडिलांच्या वेळेपासून राइस मिलची कामं चालतात. एलिव्हेटरचे पट्टे, पुल्या, बकेटा, धान भरडायच्या मशिनीचे सुटे भाग. मी डिप्लोमा केला, काही वर्षं बाहेर नोकरी केली आणि साहेबांशी भांडून परत आलो. बायको ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. गाव तिला सिस्टर म्हणतं आणि मला सिस्टरचा नवरा म्हणतं. माझ्या नावाची पाटी दुकानावर एवढी मोठी लावलेली आहे, पण पाटी वाचतो कोण?

धान मळणीच्या दिवसांत एका माणसाचा पाय थ्रेशरमध्ये गेला. मांडीतून रक्त वाहत होतं. बायको ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्यासोबत गोंदियाला निघाली. दोन्ही हातांनी तिने मांडी दाबून धरली होती. रस्ता कसा आहे ते मी सांगायला नको. वाटेत तिच्या हातांत गोळे आले. बोटं वाकडी झाली, दाब सुटला. माणूस जिवंत पोचला नाही.

ती परत आली ती घरी गेलीच नाही. दुपारी सरळ वर्कशॉपमध्ये येऊन उभी राहिली. मी एका ट्रकवाल्याचा माल बांधायचा पट्टा दुरुस्त करत होतो. तिने तो पट्टा हातात घेतला, त्याचा दात्यांचा खटका दोनदा मागेपुढे केला.

"हे एका हातानं आवळते का?"

"आवळते."

"ढिलं होत नाई ना?"

"टनाचा माल धरून ठेवते, ढिलं कायले होईन?"

"मानसाचा पाय काऊन नाई धरत?"

आमचं संशोधन असं सुरू झालं. पुढे सरकारी अर्जात हीच गोष्ट इंग्रजीत लिहायची होती आणि तिचं नाव 'समस्या-विधान' होतं. पाचशे शब्दांत. माझ्या बायकोला ती पाच शब्दांत सांगता आली होती.

असे पट्टे जगात नाहीत असं नाही. फौजेकडे असतात, मोठ्या दवाखान्यांत असतात. पण ते बाहेरून येतात, महाग पडतात, आणि महाग वस्तू आपल्याकडे कपाटात राहते. माझा साळा जवान आहे. सालेकशाच्या जंगलाकडे एका चौकीवर त्याची ड्यूटी असते. त्याला विचारलं तर म्हणाला, "एक असते भाऊजी, कोनाच्या तरी पिशवीत असते. पाय कोनाचा फुटन हे त्या पिशवीले काय मालूम?" म्हणजे हवा होता तो स्वस्त, प्रत्येकाच्या खिशात मावणारा, आणि जखमी माणसाला स्वतःच्या एका हाताने आवळता येणारा. खाटेची जाड नवार, पत्र्याचं बक्कल आणि दात्यांचा खटका. माझ्या वर्कशॉपमध्ये हे तिन्ही पडलेलं होतं.

घोडं अडलं ते पुढे. गोंदियातल्या एका सल्लागाराने सांगितलं की छोट्या उद्योगांनी संरक्षणाला किंवा आरोग्याला उपयोगी पडेल असं संशोधन करावं म्हणून सरकार अनुदान देतं. "भैया, आप तो स्टार्टअप हो," तो म्हणाला. मी म्हटलं, हे शटर माझ्या बापाच्या काळापासून वर-खाली होतंय. "वो सब ठीक है. कागज पे आज स्टार्ट हुआ."

पोर्टल उघडलं. पहिल्याच पानावर प्रश्न: आपले संशोधन संरक्षण क्षेत्रासाठी आहे की वैद्यकीय क्षेत्रासाठी? दोन गोल दिलेले, एकात टिंब टाकायचं. 'दोन्ही' असा गोल नव्हता. मदतकेंद्राला फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, पेशंट सिव्हिलियन है या फौजी?"

"मॅडम, पाय है," मी म्हटलं. "पाय को क्या मालूम वो कौन है?"

"सर, एक ही सिलेक्ट होगा."

साळ्याची आठवण ठेवून मी संरक्षण निवडलं. लगेच एक शपथपत्र आलं की वस्तूची रचना कोणालाही उघड करणार नाही. मी सही केली. मग त्याच पोर्टलने विचारलं की माणसावर चाचणी करणार तर वैद्यकीय नीतिसमितीचं पत्र कुठे आहे? नीतिसमितीकडे गेलो. ते म्हणाले, आधी रचना सांगा. शपथपत्र म्हणतं सांगू नका, समिती म्हणते सांगितल्याशिवाय पत्र नाही. सासू म्हणते उठ, सासरा म्हणतो बस, आणि मधल्या मधे जावई वाकून उभा. मी कितीतरी खेपा घातल्या. शेवटी समितीच्या सचिवांनाच माझी दया आली. म्हणाले, "फार तपशील नका देऊ. नुसतं लिहा, पट्टा." मी लिहिलं, पट्टा. समितीने पट्ट्याला मान्यता दिली. त्या पत्रावर आजही कोणी म्हशीचा पट्टा बनवला तर चालेल.

असो. अनुदानाचा पहिला हप्ता आला, अटीप्रमाणे पट्ट्यांची एक खेप बनवून ठेवली आणि आम्ही चाचणीला लागलो. पट्टा मांडीला बांधायचा, खटका मारत आवळायचा आणि घोट्याच्या मागे जी नाडी लागते ती बंद पडते का ते बघायचं. नाडी बंद म्हणजे रक्त बंद. तपासायला बायकोची बोटं. सुरुवातीला पाय माझाच होता, पण माझ्या पायाला ती बगळ्याचा पाय म्हणते आणि त्यावर काहीही सिद्ध होत नाही असं तिचं मत आहे. साळा सुट्टीवर आला की त्याला खाटेवर आडवं करायचो. चांगली भरलेली मांडी, जवानाची. तो लाखोरीच्या डाळीचे वडे खात पडून राहायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, देशासाठी मी पाय दिला, असं लिहजा बरं कुठंतरी."

त्याला या पट्ट्याचा भारी अभिमान. मला म्हणायचा, आमच्या चौकीवर मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझे भाऊजी शास्त्रज्ञ आहेत. मी ग्रीसने माखलेले हात पुसत त्याला शिव्या द्यायचो, पण खरं सांगतो, बरं वाटायचं.

अनुदान देणाऱ्या समितीने प्रात्यक्षिक व्हिडिओवर घेतलं. ऑइलच्या ड्रमवर लॅपटॉप ठेवला, मागे धुतलेली चादर बांधली. पलीकडे एक निवृत्त फौजी अधिकारी, एक डॉक्टर, एक अध्यक्ष आणि पुण्याच्या एक मराठी बाई. अर्जदार मराठी आहेत हे पाहून बाईंना कोण आनंद झाला. "अगदी मोकळेपणाने बोला हं, आपल्या भाषेत. मी सांगेन सगळ्यांना." बिचाऱ्या मनापासून म्हणाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

साळ्याने एका हाताने पट्टा आवळायला घेतला. कट्, कट्, कट्. बायको खाली बसून घोट्याला बोटं लावून होती. ती नाडी बघते तेव्हा तिला पृथ्वीवर दुसरं काही दिसत नाही. अध्यक्षांनी विचारलं, "सिस्टर, क्या स्थिति है?"

तिने मान वर न करता सांगितलं, "थांबून राहिली."

आमच्याकडचं लहान पोरही याचा अर्थ सांगेल. थांबते आहे. अजून थांबलेली नाही, क्षीण झाली आहे, जरा दम धरा. पण बाईंनी तत्परतेने इंग्रजीत सांगितलं की नाडी थांबली, आणि थांबलेलीच राहिली. फौजी अधिकारी म्हणाले, "व्हेरी गुड." डॉक्टरांनी घड्याळ बंद केलं. कोणीतरी लिहूनही घेतलं.

मी ओरडलो, "नाही सर, थांबलेली नाही!" पडद्यावर एक पट्टी आली होती. तुमचा आवाज बंद करण्यात आला आहे. मी दोन्ही हात वर करून हलवले. पलीकडून अध्यक्षांनीही प्रेमाने हात हलवला. पाठोपाठ बाकीच्यांनी हलवला आणि मीटिंग संपली.

इकडे खाली बसलेली बायको म्हणत होती, "अजून नाई थांबली ना वो. खटका एक दाता मांगं सरकला. पाह्य, परत लागून राहिली नाडी."

"पास झालो ना भाऊजी?" साळ्याने विचारलं.

झालो होतो. तीच तर गोची होती.

आमचा पट्टा जाड मांडीवर सरकत होता. आवळला की कातडीची वळी बक्कलाखाली घुसायची, खटका पुरता बसायचा नाही आणि दाब उतरायचा. हे दोष सगळ्या पहिल्या वस्तूंत असतात, त्याची मला लाज नाही. म्हणूनच तर त्याला संशोधन म्हणायचं. पण नापास झालेल्या वस्तूला पास म्हणून शिक्का बसला होता, आणि काही दिवसांत पत्र आलं की तयार असलेली खेप क्षेत्रीय वापरासाठी पाठवा. काही पट्टे रुग्णालयाच्या ॲम्ब्युलन्सला, काही जंगलातल्या चौक्यांना. चौक्यांच्या नावांत साळ्याची चौकी होती. सालेकशाजवळच्या कचारगडच्या यात्रेचा बंदोबस्त लागायच्या आधी पट्टे पोचायला हवेत असंही लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी साळ्याचा फोन. "भाऊजी, आपला पट्टा येऊन राहिला म्हनते इकडे! सगळ्याईले सांगतलं मी, बिनधास्त राहा म्हनलं."

बायकोने माझ्या हातातला फोन घेऊन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नापासून आम्ही पुष्कळ भांडलो आहोत, पण ती अशी हळू आवाजात कधी बोलली नव्हती. "त्याच्या पायावर हे सरकलं, तर मी तुमाले माफ नाई करन. अना मले बी नाई. त्या मानसाच्या येळेस माहे हात सुटले होते. हे तर जानूनबुजून सोडल्यासारखं होईन."

मला भीती वाटली. त्या पोराला मी त्याच्या आठवीपासून ओळखतो. पायाला पट्टा बांधून, बिनधास्त म्हणून, रक्त वाहत पडलेला तो मला डोळ्यांसमोर दिसू लागला आणि मी दुसऱ्या दिवसापासून नापास व्हायच्या मागे लागलो.

लोकांना वाटतं सरकारदरबारी पास होणं अवघड. एकदा नापास होऊन दाखवा म्हणावं. पुण्याच्या बाईंना फोन केला. "पण त्या म्हणाल्या ना, थांबून राहिली?"

"मॅडम, आमच्याकडे थांबून राहिली म्हणजे थांबत आहे."

"अहो, मग थांबत आहे असं म्हणायचं ना! प्रमाण मराठीत."

"तुम्हीच म्हणालात, आपल्या भाषेत बोला."

मग त्या म्हणाल्या, "खरंय. चुकलंच माझं." बाई चांगल्या होत्या. त्यांनी स्वतःहून कार्यालयाला मेलही लिहिला. त्याला उत्तर आलं की इतिवृत्त अंतिम झाले असून त्यात आता बदल करता येणार नाही.

सल्लागाराने तर कपाळावर हात मारून घेतला. "भैया, दिमाग ठिकाने पे है? लोग पास होने के लिए पैर पकड़ते हैं, आप फेल होने के लिए दौड़ रहे हो!" मी म्हटलं, अरे बाबा, पायाचीच गोष्ट चालू आहे. त्याला ते कळलं नाही.

शेवटी रेल्वेने गोंदियाला गेलो. तिथल्या अधिकाऱ्यासमोर पट्टा ठेवला, माझ्याच मांडीला आवळून दाखवला. तो दमलेला, सभ्य माणूस होता. पोर्टल उघडून म्हणाला, प्रकल्प अयशस्वी म्हणून बंद करता येईल.

"करा बंद."

"पर फिर जो माल बना है, वो सरकार का हुआ. मंजूर डिज़ाइन है, तो फील्ड में तो जाएगा ही."

मी त्याला पुन्हा विचारलं. प्रकल्प नापास झाला तरी नापास पट्टे जवानांना जाणार? तो म्हणाला, प्रकल्प नापास झाला, डिझाइन पास आहे. माझे कान एवढे गरम झाले की त्यावर पापड भाजला असता. मी ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही, पण बाहेरचा शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आत आला. तो पट्टा टेबलावर आपटून मी म्हटलं की माझा साळा त्या चौकीवर आहे, उद्या त्याला काही झालं तर हे इतिवृत्त त्याच्या मांडीला बांधणार आहात का?

अधिकाऱ्याने पोर्टल खाली-वर करून पाहिलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "देखो भाई, फेल का कॉलम इसमें है ही नहीं. सुधार का है." सुधारित आवृत्ती. तिथे टिंब टाकलं की जुनी खेप आपोआप परत घेतली जाते आणि नवी तपासणी लागते.

"पण आधीचा पट्टा सरकत होता, हे कुठे लिहायचं?"

"कहीं नहीं. बस लिखो, और अच्छा बनाया."

"हे खोटं आहे."

"झूठ कहाँ है? अच्छा नहीं बनाओगे क्या?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि त्याने मला खरोखर वाट दाखवली होती. आमच्या सरकारी कागदांत कोणीच कधी चुकत नाही, सगळे नुसते सुधारत जातात. मी टिंब टाकलं आणि जुनी खेप थांबली. त्या क्षणी त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. तेवढ्यात तो म्हणाला, एक नवी सूचना आली आहे. तुमच्याच प्रकरणावरून आलेली दिसते. चाचणीचा व्हिडिओ पाठवावा, आणि त्यात निष्कर्ष हिंदी, इंग्रजी किंवा प्रमाण मराठीतच सांगावा. बोलीभाषेतले निष्कर्ष ग्राह्य धरले जाणार नाहीत. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणत मी गाडी पकडली.

पुढचे दिवस आम्ही पट्ट्याशी झुंजलो. नवार रुंद केली. खटक्याचे दाते खोल कापले. तरी सरकायचा. बायको संध्याकाळी ड्यूटीवरून यायची, माझ्या बगळ्याच्या पायाला बोटं लावायची आणि मान हलवायची. मी हातोडी फेकायचो, ती उचलून आणून द्यायची. शेवटी बक्कलाखाली पत्र्याची एक चपटी जीभ बसवली, म्हणजे कातडीची वळी आत येऊ नये. वडील मिलच्या पट्ट्याच्या सांध्याखाली पत्रा घालायचे, तीच रीत. इतके दिवस ती मला सुचली नाही याचा मला स्वतःचाच राग आला. घरातलं औषध सोडून मी गावभर वैद्य शोधत होतो.

साळा बंदोबस्तावर जायच्या आदल्या दिवशी एका दिवसासाठी आला. मी फोन ड्रमवर टेकवून रेकॉर्डिंग सुरू केलं. बायकोला सकाळपासून पढवलं होतं. 'नाडी थांबली आहे.' शाळेतल्या पोरीसारखी ती घोकत होती आणि मधेच म्हणत होती, "एवढं नाकातून कायले बोलाचं वो?"

साळ्याने एका हाताने आवळलं. कट्, कट्, कट्. मी चाचणी घेणाऱ्याच्या आवाजात विचारलं, "सिस्टर, काय स्थिती आहे?"

"थांबून राहिली."

मी रेकॉर्डिंग चालू असताना ओरडलो, "प्रमाण मराठीत!"

"थांबा ना तुमी! जे होऊन राहिलं तेच सांगन ना मी? थांबली नाई तं थांबली कशी म्हनू?"

साळा हसायला लागला. "हालू नोको," ती त्याच्यावर डाफरली. त्याने आणखी एक खटका मारला. बाहेर फाटकावर गाडीचा भोंगा वाजला, गाडी गेली, डबे संपले. तिची बोटं घोट्यावरून हलली नाहीत. माझी नजर तिच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

"थांबली," ती म्हणाली.

पण तिने बोटं काढली नाहीत. खटका सरकतो का याची ती वाट बघत होती. त्या थ्रेशरवाल्या माणसाला नेताना जेवढा वेळ तिचे हात टिकले नव्हते, तेवढा वेळ ती बसून राहिली असावी असं मला वाटलं. मग मान वर करून सरळ फोनकडे बघत, एकेक अक्षर सुटं करत तिने सांगितलं, "नाडी थांबली आहे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्या सख्ख्या भावाच्या पायाची नाडी बंद पडली म्हणून आनंदाने रडणारी बहीण मी दुसरी पाहिलेली नाही.

"सोड आता," ती म्हणाली. साळ्याने खटका उचलला, पट्टा सैल झाला. आणि पुन्हा ती बोटं लावून बसली. पाय पांढुरका दिसत होता. एवढ्या वेळा केलं होतं, तरी याच ठिकाणी मी दर वेळी त्या पायाकडे वाकून बघायचो. साळ्याचंही हसू गेलं होतं.

"येऊन राहिली," ती म्हणाली. प्रमाण मराठी गेली चुलीत. "येऊन राहिली वो."

व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी साळा कचारगडला गेला तेव्हा त्याच्या खिशात तोच पट्टा होता, आम्ही चाचणीला वापरलेला. मंजुरी नव्हती, शिक्का नव्हता. त्याच्या बहिणीने तो घडी करून खिशात कोंबला आणि वरून खिशाचं बटण लावलं. साळा म्हणाला, "ताई, हे तं माह्या पायाच्या मापाचंच होय." यात्रेच्या दिवसांत तिने फोन जवळून हलू दिला नाही. मी मशीन चालवत होतो, पण कान तिकडेच होते.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. थांब! तोच शब्द मेला. पण या वेळी उत्तर लवकर आलं. मी घाईघाईने उघडलं. चाचणीचा भाग समाधानकारक. तथापि व्हिडिओच्या शेवटी नाडीबाबत 'येऊन राहिली' असे बोलीतील शब्द ऐकू येतात. सदर नाडी येत होती, की ती येऊन स्थिर राहिली, हे एकदा स्पष्ट करावे. त्यानंतरच मंजुरीचा विचार करता येईल.

माझे कान तापले. मी लिहायला बसलो. झाडीबोली, प्रमाण भाषा, पुण्याच्या बाई, म्यूट केलेला मी, सगळं लिहीत सुटलो. बोटं दुखेपर्यंत लिहिलं. आमचा हा जिल्हा तुमच्या नकाशात आहे की नाही, असंही विचारलं.

तेवढ्यात आतून फोन वाजला. बायकोने तो पहिल्या रिंगलाच उचलला असावा. बंदोबस्त संपला होता आणि साळा गोंदिया स्टेशनवर होता. फोन स्पीकरवर असावा, कारण त्याचा आवाज मला वर्कशॉपपर्यंत ऐकू आला.

"ताई, भात टाक. येऊन राहिलो."

"पट्टा?"

"खिशातच आहे. घडी बी नाई मोडली."

थोड्या वेळाने तांदूळ धुतल्याचा आवाज आला.

मी लिहिलेलं सगळं खोडून टाकलं. नाडी येत होती, की येऊन स्थिर राहिली? उत्तराच्या रकान्यात मी एवढंच लिहिलं: दोन्ही.